तांब्याची वेटोळी

मावशींच्या अंगणात कुणी कुंडीला हात लावला, की तो माणूस वळायच्या आत मावशी मागून जाऊन ती कुंडी सरळ करत. मुळात ती वाकडी झालेली नसली तरी करत. गल्लीतल्या बायका यावरून त्यांची टिंगल करायच्या आणि मावशींना ते ठाऊक होतं. पण अंगण त्यांचं होतं. आयुष्यात जे काही वाट्याला आलं, त्यात दुसऱ्या कुणाची भागी नसलेलं असं ते एकच होतं.

तशा त्या नात्यानं फार थोड्यांच्या मावशी. इस्पितळाच्या धुलाईघरात लागल्या तेव्हा तिथल्या सगळ्यांत लहान होत्या आणि बाहेर पडल्या तेव्हा सगळ्यांत मोठ्या. मधे कधीतरी त्या मावशी झाल्या आणि मग घरीदारी मावशीच राहिल्या. काम चादरींचं. उकळत्या पिंपातून काढायच्या, पिळायच्या, तापलेल्या रुळांमधून सरकवायच्या, घड्या घालायच्या. दिवसभर डोळ्यांपुढे पांढरं आणि फक्त पांढरं. इस्पितळाच्या चादरीवर दुसरा रंग दिसलाच तर तो कशाचा असतो हे सांगायला नको.

म्हणूनच असेल, पण धुलाईघरामागे ते झाड पहिल्यांदा दिसलं तेव्हा मावशी हातातला डबा विसरल्या. तिथे भिंतीतून वाफेची नळी बाहेर यायची, त्यामुळे ती जागा बारा महिने ओली आणि उबदार. इस्पितळाच्या म्हाताऱ्या माळ्यानं एक मरायला टेकलेलं झाड तिथे टाकून दिलं होतं. पानं तपकिरी पडलेली, पण बुडाशी एक पिल्लू, आणि ते मधोमध असं लाल की बघतच राहावं.

"फेकलंय का हे?" मावशींनी विचारलं.

"फुलून झालं त्याचं," माळी म्हणाला. "हे जन्मात एकदाच फुलतं. मग हळूहळू जातं, पण जाताना पिल्लं मागे ठेवून जातं. ब्रोमेलियाड म्हणतात. अननसाच्या घराण्यातलं आहे, पण खायला काही देत नाही, नुसतं नटतं. ने तुला हवं तर."

ते नाव मावशींना कधी धड म्हणता आलं नाही. पानांच्या मधे पेल्यासारखा खळगा आणि त्यात पाणी साठलेलं, म्हणून त्या त्याला पेलेवाली म्हणू लागल्या. माळ्यानं त्यांना सगळं शिकवलं. माती नको, कोळसा आणि नारळाच्या काथ्याचे तुकडे पुरेत. मुळं फक्त धरून बसायला, पाणी प्यायचं ते पेल्यातून. पिल्लू आईच्या निम्मं झाल्याशिवाय तोडायचं नाही. ऊन सकाळचं कोवळं द्यायचं. सावली फार झाली की रंग उडतो, खत फार झालं तरी उडतो. "लाडानं बिघडणारी जात आहे," माळी म्हणायचा. आणि शेवटी बोट उगारून म्हणायचा, "बुरशी आली म्हणून मोरचूद मारशील तर खबरदार. त्यात तांबं असतं. बाकी काहीही सोसेल, तांबं नाही. तांबं म्हणजे याला विष."

ही गोष्ट मावशींनी पदराला गाठ मारल्यासारखी जपली. ज्या दोन-चार माणसांना त्यांनी नाइलाजानं का होईना एखादं पिल्लू दिलं, त्या प्रत्येकाला त्यांनी ती सांगितली. घरात मात्र सांगितली नाही. घरात सांगायचं कुणाला?

घरात होते वायरमन, म्हणजे मावशींचे यजमान. त्यांनाही नाव होतं, पण शर्टाच्या खिशात कायम टेस्टर असायचा आणि सारं गाव त्यांना वायरमन म्हणायचं. लग्नाच्या पंगतीतसुद्धा तो टेस्टर खिशात. बोलणं अगदी मोजकं. दिवा लागला की बोलायचं काय उरतं, असा एकूण हिशेब. लग्नानंतर पहिल्या वर्षी त्यांनी मावशींना मदत म्हणून एक कुंडी उचलून भर दुपारच्या उन्हात ठेवली होती. पानं करपली. मावशींनी तेव्हा जो अबोला धरला, तो धरला. त्यानंतर वायरमननं मावशींच्या देखत उंबरा ओलांडून अंगणात पाऊल टाकलं नाही. सकाळी चहाचा कप घेऊन ते दारात उभे राहत आणि बघत. "या बाहेर" असं मावशी कधी म्हणाल्या नाहीत, आणि "आपण चार हात लांबच बरे" असं ते हसून म्हणत. अशी वर्षं गेली. मुलगी वाढली, लग्न होऊन लांबच्या शहरात गेली.

अंगण तेवढं भरत गेलं. स्वयंपाकघराची मागची भिंत आणि शेजाऱ्याचं कुंपण यांमधली ती बोळवजा जागा, जिथे कपडेही नीट वाळत नसत, तिथे पेलेवाल्या मजेत होत्या. कुणाच्या पानावर पांढरे पट्टे, कुणावर शाई शिंतडल्यासारखे ठिपके. कुणी बाहेरून शेवाळी आणि आतून जांभळी. एक पिवळी होती, तिच्या टोकांना फक्त लाली, नखं रंगवल्यासारखी. फुलायच्या आधी पेल्याभोवतीची पानं पेटून उठायची तेव्हा मावशी कामावर उशिरा जायच्या.

अधूनमधून एखादं पिल्लू नाहीसं व्हायचं. मावशींना प्रत्येक पिल्लू तोंडपाठ होतं. आधी संशय घुशीवर घेतला, मग शेजाऱ्यावर. मग एकदा नणंदेकडे गेल्या तर तिच्या गच्चीत हीच पिवळी, हीच रंगवलेली नखं. मावशींनी चार माणसांत तिला चोर म्हटलं. नणंदेनं भावाकडे पाहिलं. वायरमन वर पंख्याकडे बघत होते, जणू त्याच्या आवाजात काहीतरी बिघाड आहे. त्या दिवसापासून मावशींनी त्या घराची पायरी चढली नाही.

पुढे दोघंही निवृत्त झाले. त्याच सुमारास गावात तापाची साथ आली आणि आरोग्य खात्याचा माणूस घरोघरी बॅटरी घेऊन साठलेलं पाणी तपासत फिरू लागला. पेल्यांत डासांच्या अळ्या होऊ शकतात, हे त्याचं म्हणणं खरंच होतं. मावशी दर आठवड्याला नळी लावून प्रत्येक पेला खळखळून धुवायच्या, आणि तो बघून निमूट जायचा. पण मुलीचं बाळंतपण अडलं, पोट कापावं लागलं, आणि मावशींना तिच्याकडे जाऊन राहावं लागलं. जाताना त्यांनी नळी वायरमनच्या हातात दिली. आयुष्यात पहिल्यांदा.

"नुसतं वरून पाणी सोडायचं. बाकी कशाला हात लावू नका," त्या म्हणाल्या.

वायरमननं सांगितलं तसं केलं. पण भिंतीवरच्या मागच्या उंच फळ्यांपर्यंत नळी पोचेना आणि गुडघ्यामुळे त्यांना वर चढता येईना. आरोग्य खात्याच्या माणसाला मागच्या पेल्यांत अळ्या सापडल्या. पुढच्या खेपेला सापडल्या तर झाडं उचलून न्यावी लागतील, असं तो सभ्यपणेच सांगून गेला. वायरमन तडक चार जणांना विचारायला निघाले. तिची झाडं, तीही आपल्या राखणीत. चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं की तांबं पडलेल्या पाण्यात अळी जगत नाही. आणि तांबं म्हणाल तर वायरमनकडे जन्मभराचं साठलेलं. तारांचे तुकडे त्यांनी कधी टाकले नव्हते. त्यांनी ते सोलले, घासून लख्ख केले, टेस्टरभोवती गुंडाळून त्यांची लहान लहान वेटोळी केली आणि प्रत्येक पेल्यात एकेक सोडलं. मागच्या फळ्यांपर्यंत पोचायला ते स्टुलावर चढले, त्या गुडघ्यानिशी.

"तुझ्या झाडांची काळजी सोड," फोनवर ते म्हणाले. आवाजात कधी नव्हे ती ऐट होती. "असा बंदोबस्त केलाय की परत बघायला नको. आलीस की दाखवतो."

दाखवायचं राहिलं. मावशी परत यायच्या आधीच एका सकाळी ते चहाचा कप हातात असताना दारातच कोसळले. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. मावशी धावत आल्या त्या थेट इस्पितळात, ज्या चादरींना त्यांनी हयातभर घड्या घातल्या त्याच चादरीवर आपल्या माणसाला बघायला. बाकड्याच्या एका टोकाला त्या, दुसऱ्या टोकाला नणंद. दोघी औषधापुरतं बोलत.

घरी कपडे न्यायला आल्या तेव्हा मावशींनी अंगणाचं दार उघडलं. रंग विटले होते. ऊन जास्त लागलं असेल म्हणून त्यांनी पिवळीचं मधलं पान चाचपलं, तर ते अलगद हातात आलं, बुडाशी कुजलेलं, वास मारणारं. पेल्याच्या तळाशी काहीतरी चकाकलं. त्यांनी बोट घातलं आणि वेटोळं बाहेर काढलं. मग दुसऱ्या पेल्यातून. तिसऱ्या.

पहिला आला तो राग, हे लपवण्यात अर्थ नाही. धुण्याच्या दगडावर बसून त्या मोठ्यानं बोलल्या, नाही नाही ते बोलल्या, इस्पितळात निपचित पडलेल्या माणसाला. जन्मात एकदा नळी हातात दिली, तर हे केलंत, म्हणाल्या. बोलता बोलता हातातलं वेटोळं त्या फिरवत होत्या, आणि त्यांच्या लक्षात आलं की ते कुठेच टोचत नाही. तारेची दोन्ही टोकं पकडीनं आत वळवून कानस मारलेली होती. त्यांनी दुसरं पाहिलं, तेही तसंच. सगळी तशीच. पेला साफ करताना हिचं बोट कापू नये, म्हणून.

मग मात्र मावशी रडल्या. झाडांसाठी की माणसासाठी ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. वेटोळी त्यांनी एका डब्यात भरली आणि डबा फडताळात मागे सरकवला.

वायरमन घरी आले तेव्हा त्यांच्यापाशी एकच शब्द उरला होता. "चालू." पाणी हवं असलं तरी चालू, दुखत असलं तरी चालू. खाट अंगणाकडच्या खिडकीशी लावली होती. तिथून फक्त पहिली रांग दिसायची. आल्या आल्या त्यांनी डावा हात उचलून खिडकीकडे बोट केलं आणि बायकोकडे पाहिलं.

"चालू?"

"चालू आहे सगळं," मावशी म्हणाल्या. "छान बंदोबस्त केलात. एक अळी नाही."

त्यांचा अर्धा चेहरा हसला.

व्यायाम करून घ्यायला एक ताई घरी येत. त्यांनी दुसऱ्याच दिवशी मावशींना बाहेर बोलावून सांगितलं, "या दुखण्यात माणसाला उठायला काहीतरी कारण लागतं. काकांना आहे. त्यांना त्या अंगणात जायचंय. खचू देऊ नका त्यांना, खचलेली माणसं मी उठलेली पाहिली नाहीत."

मावशींनी मान हलवली. ज्या अंगणापर्यंत जायचं म्हणून हा माणूस दात खाऊन मेलेला पाय उचलत होता, त्या अंगणात काही उरलंच नव्हतं. जी दोन-तीन झाडं वरून अजून रंग धरून होती ती मावशींनी चांगली बाजू करून खिडकीसमोर मांडली. आठवड्याभरात तीही बसली, तेव्हा ऊन लागतं म्हणून मावशींनी खिडकीला पडदा ओढला. आणि इकडे वायरमन उठून बसू लागले, मग खाटेला धरून उभे राहू लागले. प्रत्येक वेळी ताई शाबासकी देत आणि मावशी पडद्याकडे बघत. नवरा बरा होतोय याची धास्ती घ्यावी लागावी, यासारखी वाईट गोष्ट नसेल.

शेवटी मावशींनी शेजारणीला नवऱ्याजवळ बसवलं आणि बस धरून नणंदेचं घर गाठलं. दार उघडताच, धीर खचायच्या आत त्या बोलल्या.

"वन्सं, मला झाडं हवीत. तुम्ही नेली होती त्यांची पिल्लं."

"मी नेली नव्हती, वहिनी."

"आता तो विषय नको."

"नको कसा? इतकी वर्षं चोर म्हणून घेतलं. दादा आणून द्यायचा. येईल तेव्हा एकेक. हत्यारांच्या पिशवीतून, पकडीशेजारी ठेवून."

मावशी गच्चीच्या दारात उभ्या होत्या. समोर त्यांचंच अंगण होतं. पांढऱ्या पट्ट्यांची, ठिपक्यांची, जांभळी, पिवळी, सगळ्या. लाकडी स्विचबोर्डांच्या जुन्या फळ्यांवर बांधलेल्या, बटणांच्या भोकांतून मुळं आत शिरलेली.

"मला सांगायचं नाही का?" मावशी म्हणाल्या.

"सांगितलं असतं तर तुम्ही त्याला इथेही येऊ दिलं नसतं," नणंद म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तो केव्हाच संपला असावा. "म्हणायचा, तिची झाडं फार देखणी आहेत, पण मला हात लावायला मिळत नाही. इथे स्वतः बांधायचा, पाणी घालायचा, तासभर बसायचा. मग जायचा."

मावशी गच्चीच्या उंबऱ्यावर बसल्या. तीस वर्षं तो माणूस दारात कप घेऊन उभा होता, आणि दोन पावलं पुढे या असं म्हणायला त्यांच्या जिभेला काय झालं होतं? नणंदेनं पाणी आणून दिलं. मग काय झालं ते मावशींनी सगळं सांगितलं. तांबं, वेटोळी, आत वळवलेली टोकं. नणंद उठून म्हणाली, "टेम्पो सांगते. सगळी न्या."

झाडं आली. वायरमन झोपलेले असताना दोघींनी मिळून ती फळ्यांवरून सोडवली, म्हणजे ओळखू यायला नकोत, आणि जुन्या कुंड्यांत लावली. पिवळीची एक फळी मात्र मावशींना सोडवेना. ती त्यांनी मोरीच्या बाजूच्या भिंतीवर, खिडकीतून दिसणार नाही अशी टांगली. अंगण पुन्हा भरलं, पडदा निघाला. वायरमन खिडकीतून बघत आणि म्हणत, चालू.

ज्या दिवशी ते काठी आणि ताईंचा खांदा घेऊन उंबरा ओलांडणार होते, त्या दिवसासाठी मावशींनी एक वाक्य तयार ठेवलं होतं. वेटोळी खात्याच्या माणसानं काढून नेली, नमुना म्हणून. शंभरदा मनात घोकलं होतं.

वायरमन आले. पायरीवर थांबले, दम घेतला आणि दोन पावलं पुढे टाकली. ताईंनी त्यांना स्टुलावर बसवलं. त्यांनी डावा हात लांब केला आणि सगळ्यांत जवळच्या पेल्यात बोट घातलं. बोट तळाशी फिरलं. मग शेजारच्या पेल्यात. मग तिसऱ्या. त्यांनी मान वर करून मावशींकडे पाहिलं. घरातली वीज गेली की भिंतीवरून हात फिरवत तार कुठे तुटलीय ते शोधताना ते असेच बघत.

घोकलेलं वाक्य मावशींच्या ओठांशी आलं आणि तिथेच राहिलं. आजवर या माणसाला अंगणाबाहेर ठेवलं, आता खोटं बोलून पुन्हा बाहेरच ठेवायचं होतं. ते त्यांच्यानं झालं नाही.

"तांबं यांना विष असतं," त्या म्हणाल्या. "गेली सगळी. ही तुमच्या बहिणीकडची आहेत, तुम्ही तिच्याकडे लावलेली. मला कळलं सगळं." त्या त्यांच्यासमोर खाली बसल्या. "तुम्हाला माहीत नव्हतं, कारण मी सांगितलं नव्हतं. गावाला सांगितलं, तुम्हाला नाही. तुम्ही कधी हात लावणार नाही हे मीच ठरवून टाकलं होतं. चूक माझी आहे, ऐकताय ना?"

वायरमन रिकाम्या पेल्याकडे बघत राहिले. ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले. दुसरा शब्द यावा म्हणून ताईंनी किती चित्रं दाखवली होती, मावशींनी किती सकाळी त्यांच्या तोंडाकडे बघत घालवल्या होत्या.

"बंद," ते म्हणाले.

ताईंचे डोळे चमकले, पण त्या समजून बाजूला झाल्या. वायरमनच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. उजव्यातूनही आलं. "बंद," ते पुन्हा म्हणाले, आणि मान हलवत राहिले.

मावशींनी त्यांना रडू दिलं. मग उठून त्या मोरीजवळ गेल्या, भिंतीवरची ती फळी काढून आणली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. पिवळीच्या बुडाशी एक पिल्लू होतं, तोडण्याजोगं झालेलं.

"हे चोरीचं आहे," त्या म्हणाल्या. "चोरानंच लावायचं."

मावशींनी चाकूनं पिल्लू सोडवलं आणि त्यांच्या डाव्या हातात दिलं. समोर कोळसा आणि काथ्या भरलेली कुंडी धरली.  बराच वेळ लागला. एकदा पिल्लू कलंडलं, ते त्यांनी पुन्हा उचललं, बोटांनी काथ्या सारला, पिल्लू बसवलं आणि अंगठ्यानं चारी बाजूंनी दाबलं. मग हात काढून घेऊन त्यांनी बायकोकडे पाहिलं, पहिल्या वर्षी ती कुंडी करपली तेव्हा पाहिलं होतं तसं.

पिल्लू चांगलंच वाकडं लागलं होतं. मावशींनी नळी आणून त्यांच्या हातात दिली आणि नळ सोडला.

पुढे काही वर्षं ते झाड त्या अंगणात होतं. एका अंगाला झुकलेलं वाढलं, झुकलेलंच फुललं. मावशींनी ते कधी सरळ केलं नाही.